लांब शिंगाची गिटार

"रविवारी सोताची बास गिटार घेऊन येजो. नाही आणली, तर मी आपला ऋतिकच्या डाव्या हातावर भागवतो," असं रामराव म्हणाले आणि त्या दिवसापासून सुनील राठोडचं अन्नावरचं मन उडालं.

महागावच्या रामरावांचा ऑर्केस्ट्रा लग्नकार्यांत वाजायचा आणि सुनील त्यात बास गिटार वाजवायचा. बास म्हणजे ती चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. ती वाजत असते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि थांबली की मंडपातल्या सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. आजवर सुनील रामरावांच्या भाच्याची गिटार वाजवत होता. भाच्याला पुण्यात नोकरी लागली, तो गिटारीसकट गेला. आणि रविवारी तर कळंबला मोठं लग्न होतं. ऋतिक हा ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. तो उजव्या हातानं गाण्याची चाल वाजवायचा, आणि वेळ पडलीच तर डाव्या हातानं बासचे स्वरही दाबायचा. म्हणजे सुनीलची जागा कोणी अख्खा माणूससुद्धा घेणार नव्हता, नुसता एक डावा हात घेणार होता. पोराला हेच जास्त लागलं होतं.

तसं पाहिलं तर सुनीलनं गिटार मनात पक्की केलेली होती. यवतमाळच्या दुकानात एकदा एकटाच जाऊन तो ती वाजवूनही आला होता. तपकिरी रंगाची, कोणीतरी वापरून विकलेली, कडेला रंग उडालेली. पण मान आखूड, आणि सुनीलची बोटंही आखूड. हात ठेवला की सगळे पडदे बोटांखाली आपोआप येत. आवाज कसा, तर मऊ, गोल, सरळ पोटात उतरणारा. सुनीलला थोडकेच स्वर वाजवायला आवडत, पण प्रत्येक स्वर पोटभर. ही गिटार जणू त्याच्याच मापानं घडवली होती. पैशाचीही अडचण नव्हती, बापानं हो म्हटलं होतं. अडचण होती ती बापाचीच.

खेमसिंग राठोड म्हणजे आसपासच्या तांड्यांत बैल पारखणारा एक नंबरचा माणूस. गुरांच्या बाजारात खेमसिंगनं मान हलवल्याशिवाय कोणी दोराला हात लावत नसे. अशा माणसाचा पोरगा बाजारातून काहीतरी आणणार आणि खेमसिंग घरी बसणार? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ.

"मी येतो," खेमसिंग पागोटं बांधत म्हणाला.

"मंग मी काय घरी बसू?" असं म्हणत हंसाबाईंनी आरशांची ओढणी डोक्यावर घेतली. (मायबाप-लेकाचं हे बोलणं अर्थातच गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत झालं. पण तुम्हाआम्हाला नीट कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत सांगतो, तांड्यातल्या जाणत्यांनी माफी करावी.)

"बा, मले थे तपकिरी रंगाची..." सुनीलनं सुरुवात केली.

"रंग मांगून पाहू. अगुदर अंग पाह्याचं असते," बाप म्हणाला. सुनीलची जीभ टाळूला चिकटली. बापासमोर ती लहानपणापासून तशीच चिकटायची. 

दुकान निशिगंधाताई चालवायची. यवतमाळातच शिकलेली, हसऱ्या चेहऱ्याची, स्वतः उत्तम पेटी वाजवणारी मुलगी. भिंतीवर तीन बास गिटारी टांगलेल्या होत्या. निशिगंधानं सुनीलला ओळखलं आणि ती तपकिरीकडे हात करणार, तेवढ्यात खेमसिंग मध्ये येऊन उभा राहिला. दोन पावलं मागे सरकला, डोळे बारीक केले, आणि गिटारींकडे डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग गुडघ्यावर बसून खालून पाहिलं.

"दात दाखवा," तो म्हणाला.

"दात?"

"या वरच्या खुंट्या. यायले तारा बांधल्या ना? हेच दात." त्यानं पहिल्या गिटारीच्या खुंट्या मोजल्या आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "बाई, हे काय आहे? पाच?"

"ती पाच तारांची आहे काका. आजकाल पुष्कळ जण घेतात."

"घेत असतीन. पण दात जोडीजोडीनं येते. दोनदाती, चारदाती, सहादाती. पाचदाती जनावर मी उभ्या जल्मात पाह्यलं नाही. यात काईतरी लबाडी आहे."

झालं, पाच तारांची गिटार बाद. निशिगंधानं हसू दाबून तपकिरी खाली काढली. खेमसिंगनं खुंट्या मोजल्या, चार निघाल्या, मान डोलावली. पाठीवरून हात फिरवला, मान डोलावली. मग त्याची नजर गिटारीच्या अंगाला असलेल्या दोन टोकांवर गेली. मानेच्या दोन्ही बाजूंनी निघालेली ती टोकं म्हणजे त्याच्या हिशेबानं शिंगं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही वाटावं असा त्यांचा आकारही नव्हता.

"अरारारा!" खेमसिंग म्हणाला. "डावं शिंग लांब, उजवं बुटकं. नेऊन ठेव बाई, नेऊन ठेव."

"काका, ही गिटार आहे."

"गिटार असो का गोऱ्हा असो. डावं शिंग लांब असलेलं जनावर मालकाले खाते. माह्या आजानं आणलतं एक. वरीसभरात आजा गेला."

"कशानं गेला?" हंसाबाईंनी विचारलं, कारण त्यांना तो आजा नव्वदीपार गेल्याचं आठवत होतं.

"त्या शिंगानं," खेमसिंग म्हणाला, आणि विषय संपला.

तिसरी गिटार काळी कुळकुळीत होती. भारीभरकम, चकचकीत, लांबच लांब मान, आणि दोन्ही शिंगं सारखी, टोकदार, पुढे रोखलेली. खेमसिंगच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"वाऽ! याले म्हंतात जनावर! काय शिंगं, काय मान! पोयाच्या दिवशी तोरणाखाली उभा केला तर अख्खा तांडा पाहात राहीन."

"दादा, तुम्ही एकदा गळ्यात अडकवून बघा ना," निशिगंधा सुनीलला म्हणाली. "तोल कसा येतो, हात कुठपर्यंत पुरतो, ते उभं राहून वाजवल्याशिवाय समजत नाही. ज्याला वाजवायची त्यानं..."

"चालवून पाह्याची गरज नवख्याले पडते बाई. मी नजरेनंच सांगतो."

"बा, मले तर..." सुनील म्हणाला.

"तू चूप राह्य! घेणाऱ्यानं तोंड उघडलं का भाव चढते," खेमसिंगनं त्याच्या कानात सांगितलं. बाजाराचा हा नियम सुनीलला पाळण्यातच पाजलेला होता. निशिगंधानं त्याच्याकडे दोनदा पाहिलं, पण तो आपला भिंतीवरच्या तपकिरी गिटारीकडे पाहत राहिला.

आता आली सौद्याची वेळ. निशिगंधानं सांगितलं की चिठ्ठीवर लिहिलाय तोच भाव. खेमसिंग हसला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात दुपट्ट्याखाली जातात, बोटं दाबून भाव ठरतो, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. खेमसिंगनं सवयीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिथंच अडला. समोर लेकीच्या वयाची मुलगी. तिचा हात कसा धरायचा?

"तू जाय," तो हंसाबाईंना म्हणाला.

"मले कुठी येते?"

"बोटं दाबाची आन् कमी-कमी करत जायाचं. त्यात काय?"

हंसाबाईंनी निशिगंधाच्या हातावर आपली ओढणी टाकली आणि खाली हात घातला. बराच वेळ झाला. ओढणीवरचे आरसे हलत होते. एकदा निशिगंधा लाजली, एकदा दोघीही हसल्या. खेमसिंगला बायकोचा अभिमान वाटायला लागला. शेवटी हंसाबाईंनी हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "झालं."

झालं होतं ते असं. त्यांनी निशिगंधाची बोटं दाबून हळूच विचारलं, की अंगठी साखरपुड्याची का? तिनं हो म्हटलं. मग नवरा काय करतो, सासू कशी आहे, हे सगळं निघालं. भाव चिठ्ठीवरचाच राहिला. फक्त निशिगंधानं काकू आवडल्या म्हणून गिटारीचं कव्हर फुकट दिलं. खेमसिंगनं ते कव्हर म्हणजे आपल्या घासाघिशीची कमाई मानली, काळी गिटार दुपट्ट्यात गुंडाळून हातात घेतली, कारण विकत घेतलेल्या बैलाचा दोर कधी उघड्या हातानं घ्यायचा नसतो, आणि तिघं तांड्याच्या वाटेला लागले.

तांड्यात गिटारीचं स्वागत कसं झालं म्हणता! हंसाबाईंनी दारात ओवाळलं, शिंगांना हळदकुंकू लावलं, मानेला काळा दोरा बांधला. शेजारच्या लालीबाई आल्या, बाजाराचा जुना दलाल रामलाल आला, तांड्याचे म्हातारे नाईक बादलभाऊ काठी टेकत आले. सुनीलला वाजवायचा आग्रह झाला. पण ही गिटार विजेवरची, आणि तिचा आवाजाचा डबा राहिला महागावला ऑर्केस्ट्राच्या खोलीत. सुनीलनं तारा छेडल्या, तर डास गुणगुणावा तेवढा आवाज.

"मुका निघाला काय रे?" बादलभाऊंनी विचारलं.

खेमसिंगनं काळ्या गिटारीच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. "मुका नाही. स्वभावानं गरीब आहे."

हंसाबाईंनी दोन दिवस बसून गिटारीसाठी गळ्यात अडकवायचा पट्टा शिवला. लाल कापड, त्यावर आरसे, कडेनं कवड्या आणि टोकाला घुंगरं. तांड्यातल्या बायका पाहून गेल्या आणि म्हणाल्या, नवरीच्या ओढणीवरही इतकं काम नसते. सुनीलनं पट्टा चढवला आणि महागावला तालमीला गेला.

तिथं खरा प्रकार उघडकीला आला. गिटार गळ्यात अडकवून सुनीलनं हात सोडले मात्र, काळीची लांब मान हळूहळू खाली आली आणि थेट जमिनीकडे रोखून राहिली. त्यानं मान वर उचलली. पुन्हा खाली. शिंगं सारखी, शिंगांना पट्ट्याची खुंटीच नाही, सगळा भार त्या मानेला. सुनीलचा डावा हात मान सावरण्यातच गुंतला, मग पडदे दाबायचे कशानं? त्यातून मान एवढी लांब की खालचा स्वर गाठायला त्याला कमरेतून वाकावं लागे. वाकला की घुंगरं वाजत. आवाजही ठणठण, टीन ठोकल्यासारखा.

"सुनील, हे काय चालू आहे?" रामराव म्हणाले. "गाणं आहे का कोणाचे बैल पाण्यावर चालले?"

कोपऱ्यात ऋतिक डाव्या हाताची बोटं मोडत बसला होता. एकेक बोट मोडलं की कट्‌ असा आवाज यायचा आणि सुनीलच्या छातीत धस्स व्हायचं.

"परवा रविवार आहे," रामराव म्हणाले. "तंवर जमव बापा. नाही तर तूच सांग, मी काय करू?"

सुनील घरी आला तो रडवेला होऊन. बापाला सांगावं तर बापाची पारख खोटी ठरते, आणि न सांगावं तर आपली जागा जाते. त्यानं आईला गाठलं.

"याडी, हे मान टाकते."

हंसाबाईंनी गिटार उचलून पाहिली, आणि त्यांना बंडीची आठवण झाली. पुढं भार झाला तर मागं भार घालावा, एवढं तर तांड्यातल्या कोणालाही कळतं. त्यांनी पट्ट्याच्या मागच्या टोकाला एक जाडसर पिशवी शिवली आणि तिच्यात तूर भरली. थोडी, मग आणखी थोडी, मग ठासून. आणि काय सांगता! मान वर आली. सुनीलला वाटलं, आता काही का होईना, आवाज ठणठणता असला तरी रविवार निभेल. आईच्या गळ्यात पडायचं तेवढं त्यानं बाकी ठेवलं.

शनिवारी सकाळी खेमसिंगनं सगळ्यांना चहाला बोलावलं. पोराची गिटार बघा म्हणे. लालीबाई, रामलाल, बादलभाऊ, आणि भरीला गल्लीतले दोनचार जण बाजेवर, दगडावर, मिळेल तिथं बसले. सुनील अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि रविवारच्या गाण्याचा सराव करायला लागला. आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता, पण बघायला झकास वाटत होतं. आरसे उन्हात चमकत होते.

"कशी मान ताठ आहे पाहा," खेमसिंग चहाचा घोट घेत म्हणाला. "नजर लागते, नजर. ज्याले कळते त्यालेच कळते."

तेवढ्यात लालीबाईंची शेळी मागून आली. तिनं सुनीलच्या पाठीशी लोंबणारी पिशवी हुंगली, एकदा चावून पाहिली, आणि शिवण उसवली. मग मन लावून खायला लागली. सुनीलला मागं काय चाललंय त्याचा पत्ता नव्हता. त्याला एवढंच जाणवत होतं की गिटारीची मान जड होतेय. तो ती वर उचली, शेळी आणखी एक तोबरा घेई, मान आणखी खाली. बाजेवरचे सगळे चहा विसरून पाहत होते. काळीचं डोकं इंचाइंचानं खाली येत होतं आणि खेमसिंगची बशी हातातच राहिली होती. शेवटी उरलेली तूर भसकन अंगणात सांडली, मान एकदम कोसळली आणि खुंट्यांनी समोरची चहाची किटली उडवली.

फक्त शेळीचं खाणं ऐकू येत होतं.

"मान टाकली," बादलभाऊ म्हणाले.

"मान टाकली," रामलाल म्हणाला. जन्मभर बाजारात दलाली केलेल्या माणसानं हे शब्द उच्चारले म्हणजे निकालच. जुवाखाली मान टाकणं ही बैलाच्या खोडींमधली सर्वांत वाईट खोड, आणि असा बैल खेमसिंगनं घरी आणला होता, तेही सगळ्यांदेखत हळदकुंकू लावून. खेमसिंगचा चेहरा किटलीसारखा काळा पडला.

मग तो ताडकन उठला. "फसवलं! खोड लपवून इकला त्या पोरीनं! बाजाराचा कायदा आहे, खोड लपवली तर मालकानं जनावर वापस घ्याचं. रामलाल, बादलभाऊ, चला. तुमी पंच!"

"बा, पण तिनं..." सुनील म्हणाला.

"तू चूप राह्य!"

एका काळीपिवळीत पंच, फिर्यादी, हंसाबाई आणि मान टाकलेली काळी असा सगळा लवाजमा यवतमाळला पोचला. दुकानात पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बादलभाऊंना वाचता येत नव्हतं आणि रामलालनं चष्मा आणला नव्हता, त्यामुळे पाटीचा काही उपयोग झाला नाही. पंच स्टुलांवर बसले. बादलभाऊंनी आधी काळी स्वतःच्या गळ्यात अडकवून पाहिली. मान खाली. मग रामलालनं अडकवली. मान खाली. खोड रीतसर सिद्ध झाली.

"बाई, तुमचं काय म्हणणं?" रामलालनं विचारलं.

निशिगंधा घाबरेल असं खेमसिंगला वाटलं होतं. ती उलट काकूंसाठी आधी पाणी घेऊन आली, आणि मग म्हणाली, "काका, मी काहीच लपवलं नाही. मी त्या दिवशी म्हटलं, दादाच्या गळ्यात घालून बघा, उभ्यानं वाजवून बघा. हे काका म्हणाले, चालवून बघायची गरज नवख्याला पडते."

पंचांनी खेमसिंगकडे पाहिलं.

"म्हटलतं काय असं?"

खेमसिंगनं पागोटं नीट केलं, जे आधीच नीट होतं.

"म्हटलं होतं," हंसाबाईंनी साक्ष दिली. नवरा असला म्हणून काय झालं, खरं ते खरं.

रामलाल आणि बादलभाऊ कोपऱ्यात जाऊन कुजबुजले आणि परत येऊन बसले. "खेमसिंग, कायदा तुले माहीत आहे. इकणाऱ्यानं जुंपून पाह्य म्हटलं आन् घेणाऱ्यानं नाही म्हटलं, तर खोड घेणाऱ्याच्या माथी. जनावर वापस होत नाही."

स्वतःच्या भाड्यानं, स्वतःच आणलेल्या पंचांनी खेमसिंगला स्वतःच्याच कायद्यात हरवलं. तो खाली मान घालून बसला. आता त्याच्यात आणि काळीत काही फरक राहिला नव्हता.

सुनीलनं बापाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, भिंतीवरच्या तपकिरीकडे पाहिलं. उद्या रविवार. ऋतिकच्या डाव्या हाताची बोटं त्याला कट्‌कट् ऐकू यायला लागली. आणि इतक्या वर्षांची टाळूला चिकटलेली जीभ एकदम सुटली.

"बा, मले काईतरी बोलाचं आहे."

"तू..." खेमसिंगनं सवयीनं सुरुवात केली, पण पुढचं त्याला म्हणवेना.

"हाकणारा मी आहे. मान सावरता सावरता माहा हात गेला, आन् मले कोणी इचारलं नाही का तुले कोणता पाह्यजे. मले तपकिरी पाह्यजे होता. पहिल्यापासून."

सुनीलचे कान लाल झाले. बादलभाऊंनी काठी आपटली. "अरे, हाकणाऱ्यालेच इचारलं नाही? खेमसिंग, हे तर बाजारात कोणीच करत नाही!"

निशिगंधा म्हणाली, "काका, परत नाही घेता येणार, पण बदलून देते. एक अट आहे. या वेळी फक्त दादा बोलतील. बाकी कोणी तोंड उघडायचं नाही."

"मीबी?" हंसाबाईंनी विचारलं.

"काकू, तुम्हीसुद्धा."

तपकिरी खाली आली. निशिगंधानं तारेनं ती आवाजाच्या डब्याला जोडली. सुनीलनं आईनं शिवलेला पट्टा तिला लावला, एक टोक मागं आणि दुसरं त्या बदनाम डाव्या शिंगाच्या टोकावरच्या खुंटीला. खेमसिंगला राहवेना. तो शिंगाकडे बोट दाखवी, डोळे वटारी, आज्याची आठवण म्हणून वर आभाळाकडे हात करी. शेवटी बोलणं तोंडातून सांडू नये म्हणून त्यानं दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं.

सुनीलनं दोन्ही हात सोडले.

तपकिरीची मान जिथं होती तिथंच राहिली. सुनील चालला, वळला, वाकला, मान तशीच. मग त्यानं डोळे मिटले आणि वाजवलं. थोडकेच स्वर, एकामागून एक, मऊ आणि गोल. काऊंटरवरचा पाण्याचा पेला थरथरला. खेमसिंगनं छातीवर हात ठेवला. आपल्या पोराचं वाजवणं त्यानं आजवर ऐकलंच नव्हतं. मंडपात गाणं ऐकू यायचं, ढोलक ऐकू यायची, पोरगा नुसता दिसायचा. आणि आता तो आवाज कानानं नाही तर बरगडीनं ऐकू येत होता, होळीला दूरच्या तांड्यात नंगारा वाजावा आणि आधी पायाला कळावं तसा. खेमसिंगच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुपट्टा दातांतच होता म्हणून बरं, डोळे पुसायला लगेच मिळाला.

मग त्याचं लक्ष खुंटीकडे गेलं, शिंगाकडे गेलं, मानेकडे गेलं, आणि त्यानं दुपट्टा थुंकला.

"अरे! या लांब शिंगानंच तर मान तोलली!"

"बोलायचं नव्हतं काका," निशिगंधा म्हणाली.

"मी कुठी बोललो? बोललो असतो तर हाच सांगतला असता ना!" खेमसिंग म्हणाला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि न्याय इथंच थांबवावा असं ठरवलं. हंसाबाईंनी पुन्हा निशिगंधाच्या हातावर ओढणी टाकली. लग्नाची तारीख विचारायची राहिली होती.

रविवारी कळंबच्या मंगल कार्यालयात भरदुपारी ऑर्केस्ट्रा लागला. सुनील आरशांच्या पट्ट्यात उभा होता. घुंगरं त्यानं आईला सांगून काढली होती, फक्त एक नजर लागू नये म्हणून ठेवलं होतं. रामरावांनी पहिल्या गाण्यानंतर वळून पाहिलं आणि नुसती मान हलवली. ऋतिक उजव्या हातानं वाजवत होता आणि डाव्या हातानं स्वतःला वारा घालत होता.

खेमसिंग तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. खुर्ची हळूहळू थरथरत होती. त्यानं शेजारच्या अनोळखी पाहुण्याचा हात धरून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. "लागते काय? धडधडते ना? थे माह्यं पोरगं आहे." मग पलीकडच्याचा हात ठेवला, मग पुढच्याचा. नवरीच्या मामांनी उठून पाहिलं, तर तिसऱ्या रांगेतली सगळी माणसं अक्षता हातात घेऊन आपापल्या खुर्च्या घट्ट धरून बसलेली.

पोळ्याच्या आधी खेमसिंग गुरांच्या बाजारात दिसला. व्यापाऱ्यानं त्याच्यासाठी खास काढून ठेवलेला बैल पुढं आणला. पांढराशुभ्र, चारदाती, दोन्ही शिंगं आखल्यासारखी सारखी. खेमसिंगनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि पुढं गेला. कोपऱ्यात एक बैल बांधलेला होता, त्याचं डावं शिंग लांब. त्याच्या आसपास कोणी फिरकत नव्हतं. खेमसिंग त्याच्यासमोर थांबला आणि खांद्यावरचा दुपट्टा काढला.

"खेमसिंगभाऊ, काय करून राह्यले?" रामलाल धावत आला. "डावं शिंग पाहा ना! मालकाले खाते असं जनावर!"

"कोण सांगते?" खेमसिंग दुपट्टा हातावर टाकत म्हणाला. "माह्या घरी आहे तसाच एक. कळंबले आख्खी वरात जेवली त्याच्या तालावर." आणि तो हात पुढं करणार, तोच थांबला, मागं वळला, आणि गर्दीत उभ्या असलेल्या सुनीलला हाक मारली. "ये रे इकडं. हाकणारा तू आहे. अगुदर जुंपून पाह्य."